पाठीशी ऊन, पुढ्यात धुके

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी जमणाऱ्या गर्दीचे तोंड मावळतीकडे असते. सगळे मोबाइल, सगळे कॅमेरे सूर्यावर रोखलेले. या कड्याचा सर्वांत गाजलेला देखावा मात्र बघायचा तर सूर्याकडे पाठ करावी लागते, तीही सकाळी.

अकोले तालुक्यातला हा गड चढणाऱ्यांना ‘इंद्रवज्र’ हा शब्द ठाऊक असतो आणि त्याला चिकटलेले साल: १८३५. कर्नल साईक्सला तेव्हा इथे गोल इंद्रधनुष्य दिसले म्हणे. पण विल्यम हेन्री साईक्स १८३१ मध्येच विलायतेला गेला, तो पुन्हा आलाच नाही. मुंबई सरकारच्या नोकरीत माहिती गोळा करत तो दख्खन हिंडला, ते त्याआधी. १८३५ हे रॉयल सोसायटीने त्याचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध छापल्याचे साल. छपाईची तारीखच आपण दर्शनाची करून टाकली.

निबंधातला तो परिच्छेद वाचण्यासारखा आहे. कोकणातून वर आलेले धुके कड्याशी थबकलेले, पठारावर न चढणारे. पाठीमागे नुकता वर आलेला सूर्य. समोर पूर्ण वर्तुळ, अर्धे तो उभा होता त्या पातळीच्या वर, अर्धे खाली. आणि मधोमध त्याची, घोड्याची, बरोबरच्या माणसांची सावली. फोटोग्राफी जगापुढे यायला १८३९ उजाडायचे होते, तरी साईक्सला सुचली ती चौकटीतल्या चित्राचीच उपमा. नोकरांना त्या आकृत्या आपल्याच आहेत हे पटेना. त्यांनी हात उडवले, पाय झाडले, अंग वेडेवाकडे केले. समोरूनही तसेच झाले, तेव्हा कुठे धास्ती ओसरली. साहेबाने तिला अंधश्रद्धा ठरवले. मला तर तो चोख प्रयोग वाटतो. उलट साहेबाने वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फूट धरला, तिथेच तो घसरला. ते फुटांत मोजण्याची वस्तूच नव्हे. थेंबांच्या आकारानुसार ठरलेल्या कोनात ते दिसते, धुके जवळ असो वा लांब.

धुक्यातले बारीक, एकसारखे थेंब प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणून वर्तुळाचा मध्य बघणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीवर येतो. शेजाऱ्याला ते त्याच्या डोक्याभोवती दिसते. कॅमेऱ्याचा मध्य त्याच्या भिंगाच्या सावलीवर. कॅमेरा छातीशी धरा, वर्तुळ छातीभोवती. हात उंचावा, ते हाताभोवती. दहाजणांच्या सावल्या असलेला फोटो कोणी काढला, हे त्यामुळे विचारावे लागत नाही.

तंत्र फारसे नाही. पांढरे धुके कॅमेरा राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर जरासे वाढवावे. ऑटोफोकस धुक्यात भिरभिरतो, तो बंद करावा. खरी अडचण कड्याची. तो खाली पोटात वळलेला आहे, काठाखाली आधार नाही, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेल्या माणसाला पायाखालचे दिसत नाही. जाणते लोक पालथे पडून पुढे सरकतात. मग वर्तुळात उभी आकृती येत नाही. कड्याच्या काळ्या सावलीवर डोक्याएवढा उंचवटा तेवढा दिसतो.