विजेची हत्यारे आणि तिसरी तार

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाची शेती, राईस मिल, मालगुजारी तलाव, तेंदूपत्ता व जंगल ही या जिल्ह्याची जुनी ओळख आजही कायम आहे. तिच्या जोडीला गावोगावी आता आणखी एक दृश्य दिसते. सुताराच्या दुकानात हातरंध्याच्या जागी विजेचा रंधा आला आहे, घरकुलाच्या बांधकामावर गवंडी फरशी कापण्यासाठी कटर चालवितो, मिलमधील फिटर ग्राइंडर व ड्रिलवाचून काम करीत नाही. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे १८९५ मध्ये विजेवर चालणारे पहिले हात-ड्रिल तयार झाले. ते साधन आज आठवडी बाजारातील दुकानातही मिळते. साधन पोहोचले, परंतु ते कसे वापरावे याचे ज्ञान त्याच वेगाने पोहोचलेले नाही.

अशा हत्यारात दोन धोके एकत्र नांदतात. एक फिरणाऱ्या पात्याचा. तो डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस त्याला निदान काही प्रमाणात तरी भितो. दुसरा धोका वायरमधून येणाऱ्या विजेचा असून तो दिसत नाही. या दुसऱ्या धोक्याचा विचार येथे प्रामुख्याने करावयाचा आहे.

याच जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. विजेचे मोजमाप अशा प्रचंड आकड्यांत ऐकण्याची सवय झाल्यामुळे माणसाला मारण्यास किती अल्प वीज पुरते, याची कल्पना सहसा नसते. एक मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग. एवढा प्रवाह शरीरातून गेला तर केवळ झिणझिण्या जाणवतात. दहा ते सोळा मिलिअँपिअरच्या सुमारास हाताचे स्नायू असे आखडतात की, पकडलेली वस्तू इच्छा असूनही सोडता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही मर्यादा निश्चित केली. तीस मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह काही काळ वाहत राहिला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होण्याचा धोका सुरू होतो. हाताची मूठ घट्ट आवळूनच ड्रिल धरावे लागते, आणि विजेने मूठ आणखी आवळली जाते. हातात धरावयाचे यंत्र इतर विद्युत उपकरणांपेक्षा अधिक घातक ठरते ते या कारणाने.

आता घरातील २३० व्होल्टचा दाब विचारात घ्यावा. कोरड्या त्वचेचा रोध बराच मोठा असतो. परंतु घामाने किंवा पावसाने भिजलेल्या हाताचा आणि चिखलातील अनवाणी पायाचा रोध एक हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला एक हजाराने भागले की २३० मिलिअँपिअर येतात. त्याच वेळी बोर्डावरील सोळा अँपिअरचा फ्यूज अथवा एम.सी.बी. निवांत असतो, कारण त्याच्या दृष्टीने हा प्रवाह नगण्य आहे. फ्यूज वायर जळू नये म्हणून बसविलेला असतो. माणूस वाचविणे हे त्याचे काम नाही. हा भेद शाळेतील विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मांडण्याजोगा आहे.

माणसाचे रक्षण करण्यासाठी योजलेली पहिली व्यवस्था म्हणजे तिसरी तार. थ्री पिन प्लगची जाड व लांब पिन यंत्राच्या धातूच्या आवरणाला जोडलेली असते. आतील वेष्टन झिजून वीज आवरणात उतरली, तर ती या तारेने जमिनीत जावी अशी ही रचना आहे. प्रत्यक्षात काय आढळते? सॉकेटला दोनच भोके आहेत म्हणून ही पिन काढून टाकली जाते. कधी प्लगच नसतो. वायरची दोन उघडी टोके सॉकेटमध्ये घालून ती आगकाडीने घट्ट बसविली जातात. अशा जोडणीत तिसऱ्या तारेला जागाच उरत नाही. काही नवीन हत्यारांना मुळातच दोन पिनांचा प्लग असतो. त्यांच्यावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर त्यांना दुहेरी वेष्टन आहे असे समजावे. त्यांना अर्थिंग लागत नाही. मात्र आत पाणी शिरल्यास दुहेरी वेष्टनावरही विसंबून चालत नाही.

तिसरी तार जोडलेली असली तरी ती जेथे जाते त्या जमिनीचा प्रश्न उरतोच, आणि या जिल्ह्यात तो ऋतूनुसार बदलतो. बांधकामे उरकण्याची घाई एप्रिल-मे महिन्यांत असते. त्या वेळी जमीन तापून कोरडी पडलेली असते व अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. समजा, तो वीस ओहम आहे. आवरणात वीज उतरल्यावर जमिनीत जाणारा प्रवाह फार तर साडेअकरा अँपिअर होईल. एवढ्याने सोळा अँपिअरचा एम.सी.बी. तत्काळ पडणार नाही आणि यंत्राच्या आवरणावर बराचसा दाब तसाच राहील. खड्ड्यात मीठ-कोळसा भरणे व उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालणे ही जुनी पद्धत याच कारणास्तव आहे. तिला कर्मकांड समजू नये. पावसाळ्यात उलट घडते. जमिनीचा रोध घटतो, पण ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूसच विजेची वाट बनतो. रोवणीच्या दिवसांत बांधावर मोटारपंप दुरुस्त करणाऱ्यास हे नेहमी लागू पडते.

म्हणूनच केवळ अर्थिंगवर न थांबता गळती ओळखणारे स्वयंचलित यंत्र, म्हणजे आर.सी.सी.बी., बसविणे आवश्यक ठरते. जाणारा व परत येणारा प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावर चाचणीची कळ असते. महिन्यातून एकदा ती दाबावी आणि यंत्र पडले नाही तर ते बदलावे. ग्रामपंचायतीच्या बांधकामावर ठेकेदाराच्या फिरत्या बोर्डात हे यंत्र आहे काय, एवढा एक प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी सदस्याने विचारला तरी पुष्कळ काम होईल. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

वायरबाबतही हयगय फार होते. दोन हजार वॉटचा कटर जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्याच्या बारीक वायरीवर तो चालविला की वायर तापते, दाब घटतो व मोटार जळते. गुंडाळी न सोडता एक्स्टेन्शन वापरल्यास आतील वेढे वितळू शकतात. चिकटपट्टीचा सांधा ओल्या जमिनीवर कधीही असू नये. पाते बदलण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढून तो नजरेसमोर ठेवावा.

पात्याविषयी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. तडा गेलेली चकती या वेगाने फुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे उडतात. गार्ड काढून त्याच ग्राइंडरवर लाकूड कापण्याचे दातेरी पाते चढविण्याची प्रथा तर आत्मघातकी आहे, कारण पाते लाकडात अडकताच यंत्र उसळून अंगावर येते. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि खांद्यावरील दुपट्टा खुंटीला टांगावा. राईस मिलमध्ये ग्राइंडरच्या ठिणग्या कोंडा व बारदान्यावर पडणार नाहीत, ही दक्षता निराळी.

शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी. श्वास व हालचाल थांबली असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काही ठिकाणी भिंतीवर अद्याप जुने तक्ते आहेत व त्यांत पालथे निजवून पाठीवर दाब देण्याची रीत दाखविली आहे. ते उतरवून नवे लावावेत.

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली व २०२३ मध्ये ते नव्याने जारी झाले. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ अन्वये विजेमुळे झालेल्या अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकाकडे जावी लागते. अपघातानंतर घाबरून यंत्र लपविण्याकडे किंवा वायर गुंडाळून ठेवण्याकडे मालकाचा कल असतो. तसे होऊ देऊ नये. जखमीस हलविल्यावर पुरवठा बंद ठेवून यंत्र, वायर व बोर्ड आहे त्या स्थितीत राहू द्यावेत आणि पोलीस पाटील व महावितरणच्या कार्यालयास तत्काळ कळवावे. निरीक्षकाला कारण शोधता येते ते याच वस्तूंवरून, आणि मजुराच्या कुटुंबाच्या भरपाईच्या मागणीलाही त्याच अहवालाचा आधार मिळतो.