जलयानांतील अधिभारित इंजिनांची जुळणी व देखभाल : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात

सारांश : वेगवान बोटींमध्ये वापरल्या जाणाऱ्या अधिभारित इंजिनांचे तत्त्व, त्यांच्यावर पडणारा भार, त्यांची जुळणी आणि देखभाल यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. रस्त्यावरील वाहनांच्या इंजिनांचे ज्ञान पाण्यावर जसेच्या तसे का लागू पडत नाही, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : अधिभरण, नॉकिंग, प्रोपेलर, इंटरकूलर, गंज.

१. प्रास्ताविक

पिंपरी, आकुर्डी व चाकण ही नावे वाहन उद्योगाशी जोडली गेली आहेत. येथील महाविद्यालयांतून शिकणारा यंत्र-अभियंता मोटारीचे इंजिन उत्तम जाणतो. समुद्र येथून घाटाखाली असल्याने बोटीच्या इंजिनाचा विचार मात्र अभ्यासक्रमात अभावानेच येतो. हा विषय केवळ हौशी शर्यतींचा नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचण्या सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटले, असे नौदलाच्या निवेदनात म्हटले होते. त्या इंजिनाच्या प्रकाराविषयी वा बिघाडाच्या स्वरूपाविषयी येथे कोणतेही अनुमान करावयाचे नाही. परंतु जलयानाच्या इंजिनाची जुळणी आणि चाचणी हा जीवितसुरक्षेचा प्रश्न आहे, एवढे या घटनेवरून स्पष्ट होते.

२. अधिभरणाचे तत्त्व

अंतर्ज्वलन इंजिनाची शक्ती त्यात शिरणाऱ्या हवेच्या वस्तुमानावर अवलंबून असते. हवा दाबून आत भरली की अधिक इंधन जाळता येते. यालाच अधिभरण म्हणतात. गोटलिब डाइमलर यांनी १८८५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी आपले इंजिन नेकार नदीवरील बोटीत बसविले. त्यांच्या परंपरेतील मर्सिडीज-बेंझचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे. आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये उत्सर्जित वायूंवर चालणाऱ्या टर्बोचार्जरचे पेटंट घेतले. त्याचा पहिला मोठा यशस्वी वापर १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांवर झाला. त्यांच्या इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढली.

सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी फिरतो. तो इंजिनाचीच काही शक्ती खातो, पण कमी फेऱ्यांवरही लगेच दाब देतो. स्थिर बोट पाण्याबाहेर उचलून पृष्ठभागावर घसरती करण्यासाठी नेमक्या याच गुणाची गरज असते.

दाबलेली हवा तापते, ही या व्यवस्थेची मूळ अडचण होय. एक साधे गणित पाहू. ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा दीडपट दाबाला नेली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे ९२ अंशांची असते. दाब ५० टक्क्यांनी वाढूनही घनता जेमतेम २५ टक्क्यांनी वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून ४५ अंशांपर्यंत थंड केल्यास, दाबातील किरकोळ घट सोडता, घनतेतील वाढ ४३ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजेच शीतनावर निम्मे यश अवलंबून आहे. गरम हवेमुळे पेट्रोल इंजिनात नॉकिंग होते, आणि सततच्या नॉकिंगने दट्ट्या फुटतो.

३. पाण्यावरील भार

महामार्गावर समान वेगाने धावणारी मोटार इंजिनाच्या क्षमतेचा अल्प भाग वापरते. उतारावर तर इंजिनास विश्रांतीच मिळते. पाण्यात उतार नसतो. प्रोपेलरला लागणारी शक्ती ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या १० टक्क्यांनी कमी केल्या तर शक्तीची गरज सुमारे ७३ टक्क्यांवर येते. याचा दुसरा अर्थ असा, की पूर्ण वेगाच्या शेवटच्या टप्प्यात इंजिनावरील ताण झपाट्याने वाढतो आणि तो मिनिटेच्या मिनिटे टिकतो. लाटेवरून उसळलेल्या बोटीचा प्रोपेलर हवेत आला की भार क्षणात नाहीसा होतो व पाण्यात परतताच धक्का बसतो. फेऱ्यांवर मर्यादा घालणारी व्यवस्था त्यामुळे अनिवार्य ठरते.

४. जुळणीचा क्रम

जुळणीची सुरुवात इंजिनापासून न करता प्रोपेलरपासून करावी. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाने निर्मात्याने नेमून दिलेल्या फेऱ्या गाठल्या पाहिजेत. प्रोपेलर ‘जड’ असल्यास फेऱ्या दबतात, दाब मात्र कायम राहतो आणि नॉकिंगचा धोका वाढतो. पिचमध्ये एक इंचाचा फरक केल्यास साधारणतः १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो.

त्यानंतर इंधन-मिश्रण तपासावे. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास १४.७ पट हवा लागते, या मिश्रणास सुमारे १३.५ पट. जुनी जुळणी तशीच ठेवल्यास मिश्रण पातळ होऊन ज्वलनाचे तापमान वाढते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. बोट बराच काळ उभी राहिल्यास टाकीत पाणीमिश्रित थर खाली बसू शकतो. त्यापुढील पायरी प्रज्वलनाच्या वेळेची असून अधिक दाबाला ठिणगी उशिरा द्यावी लागते. लहान पुली लावून दाब वाढविणे ही शेवटची पायरी होय. व्यवहारात पुष्कळदा तीच पहिली केली जाते.

५. देखभाल

खाऱ्या पाण्यातून आल्यावर शीतनमार्ग गोड्या पाण्याने धुवावा. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी पाते ठरावीक काळाने बदलावे. त्याचे तुटलेले तुकडे पुढे उष्णता-विनिमयकात अडकतात. स्वतः झिजून इतर धातूंचे रक्षण करणारे जस्ताचे ठोकळे अर्धे संपण्यापूर्वी बदलावेत व त्यांवर रंग देऊ नये. धरणातील गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे ठोकळे उपयुक्त ठरतात.

समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंटरकूलरची दाबचाचणी विशेष महत्त्वाची आहे. तो गळल्यास पाणी थेट सिलिंडरात जाते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. गंजलेल्या उत्सर्जन-नळीतूनही हाच प्रकार घडतो. तेल दुधाळ दिसल्यास इंजिन सुरू करू नये. पट्ट्याचा ताण, पुलींची सरळ रेषा आणि सुपरचार्जरचे स्वतंत्र तेल यांची नोंद ठेवावी.

आपल्या परिसरात मोटारीचे सुटे भाग स्वस्त व सहज मिळतात, म्हणून येथे एक इशारा आवश्यक आहे. बोटीच्या बंद तळात पेट्रोलची वाफ साचते. जलयानासाठी बनविलेले स्टार्टर व अल्टरनेटर बाहेर ठिणगी जाऊ न देणारे असतात. त्यांच्या जागी मोटारीचे दिसायला तंतोतंत तसेच भाग बसविणे म्हणजे स्फोटास निमंत्रण होय. इंजिन सुरू करण्यापूर्वी तळातील हवा पंख्याने काही मिनिटे बाहेर काढावी.

६. चाचणी व समारोप

दुरुस्तीनंतरची चाचणी टप्प्यांनी व्हावी : प्रथम डायनॅमोमीटरवर, नंतर बांधलेल्या बोटीत, शेवटी वाहतुकीपासून दूर असलेल्या मोकळ्या पाण्यात. थ्रॉटल अडकल्यास इंजिन तत्काळ बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला जोडलेली असावी. सुकाणूची व थ्रॉटलची तपासणी धक्क्यावरच पूर्ण करावी.

आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत डायनॅमोमीटर आहेत आणि अंतर्ज्वलन इंजिनांचा अध्यापक आहे. प्रोपेलरच्या घन-नियमानुसार भार देऊन इंजिन सलग तासभर चालविण्याचा एक प्रयोग अभ्यासक्रमात घेणे त्यामुळे अवघड नाही. मोटारीसाठी जुळविलेले इंजिन पाण्यावर कोठे कमी पडते, हे विद्यार्थ्यास त्या एका तासात तापमानाच्या नोंदींवरून समजेल.