बाळगोपाळ मंडळातले तीन ळ

गेल्या गणपतीत बोरगावच्या आमच्या मंडळाचा फलक फ्लेक्सवर छापून आला. अक्षरे ठसठशीत, ब्रशने ओढल्यासारखी, कडांना कोरड्या रंगाचे ओरखडे. मुले खूश होती. मजकूर मात्र झाला होता ‘बालगोपाल मंडल’. विचारले तर छापणारा म्हणाला, ‘सर, इस फॉन्ट में वो अक्षर ही नहीं है. ल चल जाएगा ना?’ आमच्या सौंसर भागात दोन्ही भाषा रोजच्याच. त्यामुळे कोणाला काही खटकले नाही, आणि तेच मला खटकले.

असा फॉन्ट करताना अक्षरे ब्रशने कागदावर काढतात, स्कॅन करतात आणि त्यांच्या बाह्यरेषा संगणकात उतरवतात. रोमन लिपीत लहानमोठी मिळून ५२ अक्षरे. देवनागरीत मात्रा, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे धरून काही शे आकृत्या होतात. म्हणून कोणी हिंदीपुरता संच करून थांबला, की ‘बाळ’मधला ळ आणि ‘वऱ्हाड’मधला ऱ बाहेर राहतात. यूनिकोडमध्ये दोघांना स्वतंत्र क्रमांक आहेत, ०९३३ आणि ०९३१. पण क्रमांक असला म्हणून फॉन्टमध्ये आकृती असतेच असे नाही. मराठी वळणाच्या ल आणि श यांची गोष्ट आणखी अवघड. त्यांना वेगळा क्रमांकच नाही; फॉन्ट करणाऱ्याने मराठीसाठी पर्यायी आकृती मुद्दाम ठेवावी लागते.

पुढे ळ असलेला दुसरा फॉन्ट मिळाला, तेव्हा वेगळीच गंमत दिसली. तिन्ही ळ वर एकाच जागी एकच ओरखडा! हाताने काढलेले अक्षर असे कधी दिसत नाही. चांगल्या फॉन्टमध्ये एकाच वर्णाच्या दोन-तीन आकृत्या असतात व त्या आळीपाळीने येतात. शिरोरेषेचे दुखणे याहून मोठे. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येते. त्याचे टोक खरबरीत असले की सांधा उघडा पडतो. रोमनवरून देवनागरीकडे वळणाऱ्याला हे सहसा उशिरा कळते.

‘यात्रा वन’ हा मुक्त फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडला. त्यात ओरखडे नाहीत, पण हाताचे वळण आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) तर नाटकाच्या नावागणिक अक्षरे नव्याने काढत. त्यांच्याकडे आकृती पुन्हा येण्याचा प्रश्नच नव्हता.

यंदा आम्ही फलक पेंटरकाकांकडून रंगवून घेतला. त्यांनी आधी खालची अक्षरे काढली, मग शिरोरेषा एका दमात ओढली. तिसऱ्या ळ पर्यंत ब्रशमधला रंग संपत आला होता. मी म्हटले, ‘काका, पुन्हा बुडवा ना.’ ते म्हणाले, ‘राहू द्या सर, असाच बरा दिसतो.’