थबकलेलं पेन

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. दहावीला बसलेल्या एका अंध ताईला लेखनिक हवी होती. खालच्या इयत्तेतलीच लागते, म्हणून मी गेले. भूगोलाच्या पेपरात ती म्हणाली, ‘‘राज्यातलं सर्वांत उंच शिखर साल्हेर.’’ कळसूबाई अगदी ओठांवर आलं होतं. पेन थबकलं, पण लिहिलं साल्हेरच.

बाहेर आल्यावर ताई हसली. ‘‘चुकलं ना? तुझं पेन थांबलं, तेव्हाच कळलं. बदललं नाहीस ना? मला माझेच गुण हवेत गं.’’

आज मी विशेष शिक्षिका आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. सवलती वाढल्या, हे चांगलंच. पण मदत कुठे थांबवायची, हे मला ताईनं शिकवलं.