घरच्या अंगणात फियाटचे ब्रेक

इंग्रजी मासिकांतून जुन्या स्पोर्ट्स मोटारींची सुरेख चित्रे येतात. कोणी साहेब रविवारी आपली एम. जी. किंवा ट्रायम्फ उघडून बसलेला असतो, बाजूला चहाचा कप असतो, आणि संध्याकाळपर्यंत गाडी नवी होते. आपल्या माळशिरस तालुक्यात अशी मोटार शोधू गेल्यास उसाच्या ट्रॉल्या आणि जीपगाड्याच हाती लागतील. म्हणून प्रस्तुत लेखात मी आमच्या घरच्या फियाटची, म्हणजे प्रीमियर पद्मिनीची, हकीकत सांगणार आहे. तिला स्पोर्ट्स कार म्हटले म्हणून कोणी हसू नये. जिच्यापासून पद्मिनी निघाली ती इटलीची फियाट ११०० ही १९५३ सालची गाडी, तिचीच ‘टी. व्ही.’ नावाची वेगवान आवृत्ती निघाली होती, आणि स्टँग्वेलिनी या इटालियन कारखान्याने फॉर्म्युला ज्युनिअर शर्यतीच्या मोटारींत हेच ११०० चे इंजिन घातले होते.

शिवाय या गाडीवर आपला थोडा हक्कही आहे. नीरा ओलांडून इंदापूर तालुक्यात गेले की वालचंदनगर लागते. ज्यांच्या नावाचे ते गाव, ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले, आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी त्यांनीच १९४४ साली काढली. गाड्या बनत त्या मुंबईत कुर्ल्याला. आता तो कारखाना गाड्या काढत नाही, आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आमची गाडी आजोबांनी घेतलेली. पंधरा वर्षे झालेल्या खाजगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यासाठी ती इथल्या परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागते. (एम. एच. ४५ हा क्रमांक अकलूजचा, हे आपणांस ठाऊक आहेच.) मुदत जवळ आली तेव्हा गाडीची अवस्था अशी होती, की ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढे, आणि पेडल दोनदा मारल्याशिवाय घट्ट लागत नसे. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला होता. आजोबांनी एकच अट घातली : ‘‘पंढरपूरला तुझ्या आजीला घेऊन जाण्याइतका भरवसा वाटला तर ठेवू. नाहीतर उद्या देऊन टाकू.’’ मामा साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी काम अंगावर घेतले आणि मला हाताखाली घेतले. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण पास्कलचा नियम शाळेतच शिकलो होतो, आणि ब्रेकचे सारे रहस्य त्यातच आहे.

बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सर्वत्र सारखा पोहोचतो. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, ब्रेक ऑईल नळ्यांतून चारी चाकांकडे जाते, तिथले छोटे दट्टे ब्रेक शू ड्रमवर रेटतात आणि घर्षणाने चाक थांबते. आमच्या गाडीत मास्टर सिलिंडर एकच आणि तेलाचा मार्गही एकच. म्हणजे कोठेही गळती झाली की चारही चाके मोकळी. नव्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात ते याचसाठी.

पण ‘थांबते’ या शब्दात काय दडले आहे ते पाहण्यासारखे आहे. माणसांसह गाडी हजार किलोची धरू. ताशी ६० किलोमीटर वेगात तिच्याजवळ सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल ऊर्जा असते, आणि ती सारी ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. एवढ्या उष्णतेत जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. सासवडमार्गे पुण्याला जाताना दिवे घाट उतरतो. तिथे दर १०० मीटर उंची उतरणे म्हणजे ६० च्या वेगातून सात वेळा थांबण्याइतकी उष्णता. म्हणून जुने चालक घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकतात, की काही भार इंजिनाने पेलावा. उसाची बैलगाडी उताराला लागली की तो भार बैलांच्या खांद्यावर येतो. मोटारीत तो ड्रमवर येतो, एवढाच फरक.

या उष्णतेमुळेच ब्रेक ऑईलला महत्त्व आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरला की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, आणि पेडल एकदम जमिनीला टेकते. आमच्या गाडीतले तेल चहाच्या रंगाचे झाले होते. मामा म्हणाले, ‘‘हे तेल नव्हं, काढा हाय.’’

कामाची सुरुवात त्यांनी चाकाखाली दगड लावून केली. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला आणि चासीखाली सागवानी ओंडके घातले. ‘‘विटा लावायच्या नाहीत. वीट सांगून फुटत नाही. आन् नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.’’ ड्रम काढल्यावर मी आत फुंकर मारणार तोच त्यांनी हात धरला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडच्या गॅरेजांत ती सर्रास हवेने उडवतात. मुले जवळ उभी असतात. आम्ही नाकाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसली, आणि फडकी पिशवीत बांधून टाकली.

डावीकडे ओढण्याचे कारण पुढच्या उजव्या चाकात सापडले. तिथल्या व्हील सिलिंडरचे रबर गळत होते आणि लायनर तेलात भिजले होते, म्हणजे ते चाक ब्रेक धरतच नव्हते. भिजलेले लायनर धुऊन वापरता येत नाही, आणि नवे लावायचे तर दोन्ही बाजूंना एकदमच. नाहीतर ओढ तशीच राहते. चारही सिलिंडर उघडले. ज्यांची आतली भिंत गुळगुळीत होती त्यांना नवीन रबरांचा संच बसवला, जिथे गंजाचे खड्डे दिसले ते सिलिंडर बदलले. येथे पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑईल यांचा थेंबही चालत नाही, कारण त्याने रबर फुगते. रबरे ताज्या ब्रेक ऑईलमध्येच भिजवून बसवायची. तेच ब्रेक ऑईल गाडीच्या रंगावर पडले तर रंग उठतो, म्हणून पाण्याची बादली जवळ ठेवली होती.

ड्रम मात्र लेथवर पाठवले. झिजून लंबवर्तुळ झालेल्या ड्रममुळे पेडल पायाखाली धडधडते, ते हाताने सुधारता येत नाही. ड्रम किती कापून घ्यायचा यालाही मर्यादा असते. पातळ ड्रम उष्णता साठवू शकत नाही. रबरी नळ्याही तिन्ही नव्या घेतल्या. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून सुजलेली असते. पायाच्या जोराने तेल पुढे जाते, पण परत येत नाही, आणि चाक धरलेलेच राहते. गॅरेजवाले अशा वेळी शू बदलत बसतात. लोखंडी नळी गंजली होती, तिच्या जागी तांब्याची घालण्याचा सल्ला एकाने दिला. मामांनी नाकारला, कारण तांबे सततच्या थरथरीने कडक होते आणि तडकते.

आता सस्पेन्शन. पुढे दोन्ही चाके वेगळी हलतात, त्यांना स्प्रिंग आणि शॉकअप असतात; मागे टांग्यासारखे पाटे. (पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट इंग्लंडमध्ये १८०४ साली ओबाडाया इलियट यांनी घेतले ते घोडागाडीसाठीच.) स्प्रिंग धक्का झेलते, पण झेलल्यावर झोके घेत राहते. ते झोके शमवण्याचे काम शॉकअपचे. याचा ब्रेकशी संबंध असा, की उड्या मारणाऱ्या चाकाला जमीनच लागत नसेल तर उत्तम ब्रेकही निरुपयोगी. परीक्षा सोपी : गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. वर येऊन थांबली तर ठीक. आमची तीनदा डोलली.

किंगपिनची परीक्षा मला विशेष आवडली. चाक उचलून वर-खाली धरून हलवायचे. खडखड लागली तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. तेवढ्याने खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा. आमचा किंगपिनचा निघाला. ग्रीसच्या निपलवर माती घट्ट बसली होती, वर्षानुवर्षे आत ग्रीस गेलेच नव्हते. बुश बसवण्याचे काम वर्कशॉपमध्ये करून घेतले, आणि पुढची स्प्रिंगही तिथेच काढली. तीनशे किलो जोराने १५ सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगेत इतकी ऊर्जा असते, की ती निसटली तर २३ किलोचे वजन एक मीटरवरून पडल्यासारखे होईल. ती आवळून धरण्याचे हत्यार नसेल तर घरी हात लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाट्यांचे रबरी बुश आम्ही घरीच बदलले. यातली एक गोष्ट पुस्तकात नेहमी असते आणि गॅरेजात क्वचित पाळतात. बोल्ट अर्धवट लावून गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा हलवायची, आणि मगच बोल्ट आवळायचे. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते.

शेवटी नळ्यांतली हवा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. मी पेडल दाबून धरी, मामा निपल सैल करीत, बाटलीत बुडबुडे येत; ते निपल बंद करीत, आणि मगच मी पाय उचली. मध्ये भांडे रिकामे होऊ द्यायचे नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ‘‘दाब’’ आणि ‘‘सोड’’ एवढे दोनच शब्द दोन तास अंगणात ऐकू येत होते; शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या रस्त्यावर आधी २०, मग ४० च्या वेगात ब्रेक लावून पाहिले. गाडी सरळ थांबली. चारी ड्रमना हात लावून मामांनी उष्णता ताडून पाहिली. सगळे सारखेच कोमट होते. एखादा जास्त तापला असता तर शू धरलेला आहे असे समजायचे. चाकांचे अलाइनमेंट मात्र दुकानात यंत्रावर करून घेतले. तपासणीत अधिकाऱ्यांनी वेग घेऊन अचानक ब्रेक मारायला सांगितला, आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढली. आजीने पंढरपूरला जाताना पुढच्या सीटवर बसण्याचा आग्रह धरला आहे. मागच्या डाव्या पाट्याची एक पट्टी अजून कुरकुरते, ती दिवाळीच्या सुट्टीत उघडणार आहोत.