घरातली अभियांत्रिकी (लेखांक ४) : त्रिकोण का हलत नाही

आगपेटीच्या चार काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात त्या बारीक रबरी नळीचे चार तुकडे जोडून केलेला चौकोन टेबलावर उभा धरला की लगेच कलतो आणि जरा ढकलला की आडवा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कसाही दाबला तरी तसाच राहतो. कललेल्या चौकोनातली एकही काडी वाकलेली किंवा तुटलेली नसते. बदललेले असतात ते फक्त कोन. बाजूंची लांबी तीच ठेवून चौकोनाचे कोन हवे तसे बदलता येतात, पण त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोनही ठरून जातात. पूल, विजेचे मनोरे आणि पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या यांची बांधणी या फरकावर उभी आहे. तिसरी-चौथीतल्या मुलाला तो बोटांनी कळतो, प्रमेयाची वाट पाहावी लागत नाही.

काडी आणि नळीची ही पद्धत रूढ केली ती अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरमधून अभियंता होऊन ते पुण्यात टेल्को या वाहन कंपनीत लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले. खेड्यातल्या शाळांना महागडे साहित्य परवडणारे नव्हते. व्हॉल्व्हची नळी मात्र सायकल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात वीत-दोन वीत मोजून मिळत असे. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कृती साधी आहे. काड्यांचे गुल आधी खरवडून टाकावेत; हे काम मोठ्यांनी करावे. नळीचे सुमारे दीड सेंटिमीटरचे तुकडे कापून दोन्ही टोकांतून एकेक काडी आत सरकवली की दोन काड्यांचा सांधा होतो. सुईने किंवा बाभळीच्या काट्याने नळीच्या मध्यावर आडवे भोक पाडून तिसरी, टोकदार केलेली काडी खुपसली की तीन काड्यांचा सांधा तयार. त्रिकोणाच्या तिन्ही सांध्यांना भोके पाडून त्यांत असा सांधा तीन पायांवर उभा केला की सहा काड्यांचे चतुष्फलक होते. ते कुठूनही दाबले तरी हलत नाही.

या पद्धतीची खुबी रबराच्या ढिलेपणात आहे. बाजारातल्या अनेक महागड्या संचांत तुकडे एकमेकांत घट्ट बसतात, त्यामुळे चौकोनही ताठ उभा राहतो. मुलाला वस्तू मिळते, प्रश्न मिळत नाही. रबरी सांधा बिजागरीसारखा फिरतो, म्हणून सांगाड्यातली उणीव लपत नाही.

ढासळणारा चौकोन सावरायला एक कर्ण पुरतो. पण आगपेटीची काडी तिथे पोहोचत नाही, कारण कर्ण बाजूच्या सुमारे १.४ पट लांब असतो. खराट्याची काडी मापाने कापून घ्यावी. मग पंचकोन आणि षटकोन करून पाहावेत : पंचकोनाला दोन जादा काड्या लागतात, षटकोनाला तीन. हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये मांडला होता. सपाट सांगाडा पक्का होण्यासाठी सांध्यांच्या संख्येच्या दुपटीतून ३ वजा करून येतील तेवढ्या काड्या, त्याही योग्य जागी, लागतात; त्रिमितीत तिपटीतून ६ वजा करायचे. घनाचे सांधे ८, म्हणजे काड्या १८ हव्यात. कडा मात्र १२ च. उरलेल्या सहा काड्या कुठे बसवायच्या, हे मुलांनाच शोधू द्यावे. घनाच्या बाजू सहाच असल्याने उत्तर फार लांब नसते.

यानंतरचा प्रयोग बहुतेक घरांत राहून जातो, आणि तोच सर्वांत बोलका आहे. कर्णाच्या काडीऐवजी दोरा ताणून बांधावा. चौकोन एका बाजूला ढकलला तर दोरा त्याला धरून ठेवतो. उलट बाजूला ढकलला की दोरा सैल पडतो आणि चौकोन कलंडतो. दोरा ताण सोसतो, दाब नाही. काडी दोन्ही सोसते. दुसऱ्या कर्णावरही दोरा बांधला की चौकोन दोन्हीकडून सावरतो. लोखंडी रॅकच्या पाठीला फुलीसारख्या बारीक पट्ट्या असतात त्या याचसाठी. सायकलच्या मागच्या चाकाजवळचा त्रिकोण आणि लाकडी फाटकावरची तिरकी पट्टीही मुलांना सापडतेच, फक्त घाई करून दाखवू नये. पालकांनी ‘असं कर’ म्हणण्याऐवजी ‘कुठून हललं?’ एवढेच विचारणे अधिक उपयोगाचे.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती नळीचे तुकडे देऊ नयेत, ते तोंडात जातात. त्यांच्यासाठी वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या कराव्यात आणि त्यांतून सुतळी ओवून टोके बांधावीत. सुतळीचा सांधाही फिरतो. मुलाच्या उंचीचा चौकोन अंगावर कलंडतो आणि तिरकी सुरळी बांधताच उभा राहतो. तिरकी सुरळी बाजूच्या सुरळीहून लांब असल्याने एकाच कागदात होत नाही; दोन सुरळ्या एकमेकींत सरकवून मोठ्याने धरायची आणि गाठ मुलाने मारायची.