आरोग्य-संशोधकाचें एक अवघड कार्य

शहापूर अथवा मुरबाड तालुक्यांतील एखाद्या दूरच्या पाड्यावरून हाताला सूज आलेली स्त्री आरोग्य केंद्रांत येते. ‘विहिरीवर पाय घसरला,’ असें ती सांगते. हातास पट्टी बांधली जाते, वहींत ‘पडल्यानें इजा’ अशी नोंद होते, आणि ती पुन्हां त्याच घरीं जाते. खरें कारण नवऱ्याची मारहाण असेल, तर पट्टीनें काय साधलें? हा प्रश्न ज्यास स्वस्थ बसूं देत नाहीं, तोच या विषयाचा आरोग्य-संशोधक होतो.

हिवतापाचा अभ्यासक डबकीं शोधतो. डबकें कोणासही दिसतें. मारहाण मात्र दाराआड घडते. म्हणून तिच्या गणनेची रीतच निराळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत हे प्रश्न एका घरांतील एकाच स्त्रीस, तेंही एकांतांत विचारतात. एकांत न मिळाल्यास तो भाग कोराच सोडतात. कारण भिंतीआडून कोणीं ऐकलें तर त्याच रात्रीं तिला पुन्हां मार बसावयाचा. शिवाय ‘छळ होतो काय?’ असें मोघम न विचारतां ‘थप्पड मारली काय? केस ओढले काय?’ असें नेमकें विचारतात. पुष्कळ स्त्रिया थपडेस छळ मानीतच नाहींत. २०१९-२१ च्या पाहणींत भारतांतील १८ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें २९ टक्के स्त्रियांनीं पतीकडून शारीरिक वा लैंगिक छळ सोसल्याचें सांगितलें.

परंतु मोजणें हें अर्धेंच कार्य होय. २००० सालीं मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ ही संशोधन-संस्था यांनीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्र उघडलें. इजेमागील कारण ओळखण्याचें शिक्षण तेथील डॉक्टर व परिचारिका यांस मिळालें, आणि पीडित स्त्रीस रुग्णालयांतच धीर व सल्ला मिळूं लागला. पुढें २००५ च्या कायद्यानें अशा स्त्रीस वैद्यकीय मदत देणें हें आरोग्यसंस्थांचें कर्तव्य ठरविलें.

या कार्यास वैद्यकाइतकेंच संख्याशास्त्र व समाजकार्य उपयोगी पडतें. समाजकार्याचें शिक्षण देणारी टाटा संस्था १९३६ सालीं मुंबईंत निघाली, ती अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्याच पुढाकारानें.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, शुभवर्तमानांतील शोमरोन्यानें वाटेवरील जखमी मनुष्यास पट्ट्या बांधल्या. ती दया आपण शिकलोंच आहों. आतां त्या वाटेवर मनुष्यें जखमी कां होतात, हें शोधणारेंही कोणी आपल्यांतून निघावें.